सुईदोरा : झालर मागितली अन् लाइटिंगची माळ मिळाली

या खेपेला पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज मिळून जे काही आलं त्यातलं निम्मं एकाच गोष्टीवर होतं, झालर. साहजिकच आहे म्हणा, पोळा, गणपती, नवरात्र सगळं पुढ्यात आहे, कपाटावरच्या मशिनी खाली उतरल्या असतील, तेल घालून झालं असेल. म्हणून या वेळी ब्लाउजचे गळे आणि फॉल-पिको बाजूला ठेवते आणि झालरीचंच घेते.

प्र. ताई, आमच्या घरी एका फ्रॉकवरून वाद होऊन राहिला. नातीचा वाढदिवस आहे. मी म्हटलं खाली झालर लावू. सून म्हणते आई त्याला रफल म्हणतात. टेलर म्हणाला चुन्नट टाकून फ्रिल देतो. आणि विहीणबाई पुण्याच्या, त्यांनी फोनवर सांगितलं की चुण्यांची पट्टी लावा. आम्ही चौघं एकच गोष्ट बोलून राहिलो का चार वेगळ्या?
– एक आजी, हनुमाननगर

उ. आजी, वाद मिटवणारं उत्तर माझ्याकडे नाही, कारण चौघंही बरोबर आहात आणि तरी चौघांनी एकच गोष्ट सांगितलेली नाही.

झालर हा शब्द कुठे लावलंय ते सांगतो. कडेला लावलेलं, लोंबणारं, हललं की झुलणारं जे काही असेल ती झालर. पालखीला असते, अब्दागिरीला असते, बैलाच्या झुलीला असते, देव्हाऱ्याच्या पडद्याला असते. त्याला चुण्या असल्याच पाहिजेत असं काही नाही. मोत्यांची झालर म्हणतो नं आपण, त्यात कुठे आल्या चुण्या? शब्द जुना आहे, मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातसुद्धा सापडतो, आणि तेव्हा आपल्याकडच्या पोरी काही फ्रॉक घालत नव्हत्या. बाळाची कुंची आठवा, तिच्या कडेला आजी लावायची ती झालरच, त्याला फ्रिलची कुंची कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

चुण्या म्हणजे कापड गोळा केल्यावर ज्या बारीक बारीक वळ्या पडतात त्या. मग त्या कडेला असोत नाहीतर मध्ये. परकराच्या नाडीपाशी चुण्या असतात, पफ बाहीला खांद्यापाशी असतात, पण त्याला झालर कोणी म्हणत नाही कारण तिथे लोंबत काहीच नाही. म्हणजे चुणी ही कापडाची अवस्था आणि झालर ही त्याची जागा, असं मी माझ्या क्लासमधल्या मुलींना सांगायची. फ्रिल म्हटलं की दोन्ही एकत्र येतं, चुण्या घातलेली पट्टी आणि तीही कडेला. सुनेची रफल आणि टेलरची फ्रिल यांच्यात काही फार मोठी भिंत नाही, इंग्रजीतसुद्धा लोक दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, तेव्हा त्यावर भांडू नका.

राहिली चुन्नट. हा हिंदी शब्द, चुणीचाच भाऊबंद, आणि तो आपल्या नागपुरात टेलरच्या तोंडी इतका का असतो तर आपलं शहर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, मराठी आणि हिंदी दोन्ही इथल्या बाजारात एकाच गादीवर बसून कापड मोजायच्या, त्यातलं बरंचसं अजून तसंच आहे. महाल भागात मी शिवण शिकले तिथले मास्तर मापं मराठीत घ्यायचे, रागवायचे हिंदीत आणि चुकलेली शिलाई उसवायला लावायचे ती कुठल्याच भाषेत नाही, नुसतं बोट दाखवून.

हो, आणि निऱ्यांना यात ओढू नका. निरी मोजून घातलेली असते, एकीवर एक, सगळ्या सारख्या रुंदीच्या, टेलर ज्याला प्लेट म्हणतो ते. चुणी मोजलेली नसते, दोरा ओढला की ती तिच्या मनाने पडते. शाळेच्या स्कर्टला प्लेट असतात, फ्रॉकला चुण्या.

आता फ्रॉकसाठी टेलरला नाव काहीही सांगा पण चार गोष्टी नक्की सांगा: कापड किती पट घ्यायचं, पट्टी तयार होऊन किती इंच दिसली पाहिजे, वरून चुण्या घालायच्या का गोल कापायची, आणि खालची कड दुमडायची का पिको करायची. एवढं सांगितलं की त्याने तिला चुन्नट म्हटलं काय नि भोपळा म्हटलं काय, फ्रॉक तुमच्या मनासारखाच येईल. आणि विहीणबाईंना सांगा की पुण्याचं बरोबर आहे, तेवढ्याने त्यांना बरं वाटेल.

प्र. मी पडद्यांना लावायला म्हणून इतवारीत गेली आणि दुकानदाराला म्हटलं भाऊ झालर दाखवा दहा मीटर, तर त्यानं लाइटिंगच्या माळा काढून समोर ठेवल्या, वर विचारतो मल्टिकलर देऊ का वॉर्म व्हाइट. मला वाटलं माझी थट्टा करून राहिला.
– नंदनवनहून

उ. थट्टा नाही हो, तो बिचारा त्याच्या हिंदीतल्या झालरीकडे गेला. हिंदीत दिवाळीच्या लाइटच्या माळेलाही झालर म्हणतात, गॅलरीच्या कठड्यावरून ती लोंबते म्हणून. आपण मराठीत तिला माळ म्हणतो नाहीतर सरळ लाइटिंग, म्हणून आपल्याला ते सुचत नाही. आणि आधीच्या आजींना मी म्हटलं ते इथेही दिसतं बघा, कापड गेलं, चुण्या गेल्या, दोरा गेला, वायर आली, तरी लोंबण्यावरून शब्द टिकला. पेपरातही वाचतो आपण, गंभीर विषयाला विनोदाची झालर वगैरे. विनोदाची फ्रिल असं काही कोणी लिहीत नाही.

पुढच्या वेळी फ्रिल लेस मागा, किंवा चुन्नटवाली पट्टी. खरं तर लेस म्हणजे दोऱ्याची जाळीदार पट्टी, पण आजकाल दुकानात मीटरवर विकतात ते सगळंच लेस झालंय, त्याला इलाज नाही. आणि तयार फ्रिल लेस घ्यायचीच तर हाताने जरा ताणून बघा, चुण्या विरळ असतील तर धुतल्यावर ती चिंधीसारखी लटकते. पडद्याला मी तरी तयार घेणार नाही, त्याच कापडाची घरी करा. कशी ते पुढच्या उत्तरात आहेच.

प्र. काकू, यूट्यूब बघून मुलीच्या फ्रॉकला फ्रिल लावली. एका बाजूला चुण्यांचा गठ्ठा झाला, दुसऱ्या बाजूला पट्टी सपाट, मध्येच दोरा तुटला, मग रडू आलं. कापडही कमी पडलं. काय चुकलं?
– मानेवाड्याची आई

उ. बाई, रडू नको, माझी पहिली फ्रिल मी रागाने चुलीत घातली होती आणि वरून कापड वाया घालवलं म्हणून आईचा मार खाल्ला होता.

पहिले कापडाचं बघू कारण बहुतेकींचं तिथेच चुकतं. जिथे लावायची त्या घेराच्या दुप्पट लांब पट्टी, हा साध्या सुती कापडाचा हिशेब. दीडपट घेतली तर हलक्या लाटा येतात, जाड कापडाला तेवढंच बरं. नेट, जॉर्जेट, ऑरगंझा असलं झिरझिरीत असेल तर अडीचपट ते तिप्पट घे, नाहीतर चुण्या दिसतच नाहीत. तुझ्या फ्रॉकचा खालचा घेर समजा ६० इंच आहे, तर पट्टी हवी १२० इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच असेल तर तीन पट्ट्या जोडाव्या लागतील, १३२ इंच होतात, सांध्यांमध्ये दोन-तीन इंच जातात, तरी भरपूर उरतं. फ्रिल ४ इंच दिसायला हवी असेल तर वरची शिलाई आणि खालची दुमड धरून पट्टी ५ इंचाची काप, तीन पट्ट्यांचे १५ इंच, म्हणजे अर्धा मीटर आणलं तर काम होतं आणि वर कातरण उरते. सुती असेल तर कापायच्या आधी भिजवून वाळवून घे, नाहीतर पहिल्या धुण्यात फ्रॉक एकीकडे आणि फ्रिल एकीकडे आटते.

आता पट्टी कुठल्या बाजूने कापायची. पन्ह्यात काप, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवी. काहीजणी काठाच्या कडेने लांबच लांब पट्टी काढतात कारण जोड कमी येतात. पण कापडाचा ताणा, म्हणजे लांबीचा धागा, जास्त कडक असतो. तो फ्रिलमध्ये उभा आला की चुण्या खाली नीट पडतात, आडवा आला की त्या फुगून बाहेर येतात. (पडद्याच्या झालरीला मुद्दाम फुगवटा हवा असेल तर गोष्ट वेगळी.)

मग चुण्या. मशीनचा टाका सगळ्यात मोठा कर, वरच्या दोऱ्याचा ताण जरा ढिला कर, आणि पट्टीच्या वरच्या कडेला दोन समांतर टिपा मार, दोन्हींत पाव इंच अंतर ठेव. एकच मारू नकोस, तुझा दोरा तिथेच तुटला असणार, आणि एका टिपेवर चुण्या गोल गोल फिरतात, जागेवर बसत नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी गाठ मारायची नाही, दोऱ्याची शेपटं लांब सोडायची. आणि तीन पट्ट्या आहेत नं, तर टीप सांध्यावर थांबव आणि पुढे नव्याने सुरू कर. सव्वाशे इंच एका दोऱ्यावर ओढायला गेलं की तो तुटणारच, त्यात यूट्यूबवालीचा काही दोष नाही.

ओढायचा दोरा खालचा, बॉबिनचा. दोन्ही टिपांचे खालचे दोरे एकत्र धरून हळूहळू कापड मागे सरकव. गठ्ठा एकीकडे का होतो माहीत आहे? आपण सगळं ओढून घेतो आणि मग फ्रॉकला लावायला बसतो. त्याआधी फ्रॉकच्या घेराचे चार सारखे भाग कर, खडूने खूण कर, पट्टीचेही चार भाग कर, चारही खुणा टाचणीने जोड, आणि मग एकेका भागात चुण्या वाटून घे, अगदी भाजीवालीने चारजणींना कोथिंबीर वाटावी तशी. टाचण्या भरपूर लाव. शिवताना फ्रिलची बाजू वर ठेव म्हणजे चुणी मुडपली तर लगेच दिसते, आणि पक्की टीप त्या दोन कच्च्या टिपांच्या बरोबर मधून ने. बाहेर दिसणारी कच्ची टीप नंतर उसवून टाक.

एक आणखी, फ्रॉक नेटचा असेल तर आतल्या शिलाईवर मऊ सुती कापडाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लाव. नायलॉनची नेट पोरींच्या पोटऱ्यांना कचकच टोचते, आणि आपल्या नागपूरच्या उकाड्यात तर केक कापायच्या आधीच पोट्टी फ्रॉक काढून फेकते. वाढदिवसाच्या फोटोत बनियनवर असलेल्या किती मुली दाखवू तुला!

प्र. बाहीला अशी फ्रिल पाहिली जिला वरती एकही चुणी नाही पण खाली मस्त लाटा पडतात. बुटिकमध्ये दाखवायला लाजले. ती कशी करतात?
– प्रतापनगरहून

उ. ती गोल कापलेली असते, तिच्यात चुण्या नसतातच. आपले टेलर तिला अंब्रेला म्हणतात, इंग्रजीत फ्लाउन्स. कापडाचं मधोमध भोक असलेलं वर्तुळ कापायचं, आतली गोलाई बाहीला शिवायची, बाहेरची गोलाई मोठी असल्यामुळे तेवढं कापड खाली लाटा होऊन पडतं. गणित सोपं आहे, बाहीच्या मोहरीला, म्हणजे तिच्या तोंडाच्या घेराला, ६.२८ ने भागायचं. मोहरी ११ इंच असेल तर उत्तर आलं पावणेदोन इंच, तेवढ्या त्रिज्येचं आतलं वर्तुळ. फ्रिल ४ इंच हवी तर बाहेरचं वर्तुळ पावणेसहा इंच त्रिज्येचं. त्याचा घेर भरतो ३६ इंच, म्हणजे वर ११ आणि खाली ३६, तिपटीहून जास्त, आणि तरी शिलाईपाशी एकही वळी नाही. आतल्या खुणेच्या पाव इंच अलीकडे कापा, शिलाईला जागा लागते, आणि त्या कडेला बारीक बारीक कात्र्या मारा म्हणजे ती बाहीवर सरळ बसते. बाहेरही दुमडीला पाव इंच सोडा. १२ इंचाचा चौकोन एका बाहीला पुरतो.

फक्त शिवल्या शिवल्या कड दुमडू नका. गोलात काही ठिकाणी कापड उरेब येतं आणि उरेब लोंबून वाढतं. रात्रभर हँगरला लटकवून ठेवा, सकाळी जिथे लांब झालं असेल तिथे सारखं करून मग दुमडा नाहीतर पिको करा. जॉर्जेट, क्रेप असलं मऊ कापड घ्या, कडक कापडाची ही फ्रिल कर्ण्यासारखी उभी राहते.

आणि बुटिकमध्ये लाजायचं काय त्यात, पैसे आपण देणार नं.

प्र. मॅडम, मी फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. फ्लाउन्स, रुश, पेप्लम, रफ असे शब्द पाठ होत नाहीत. मराठीतून लक्षात ठेवायची काही युक्ती?
– एक विद्यार्थिनी, सदर

उ. पाठ नको करूस, प्रत्येक शब्दात एक चित्र आहे ते बघ. रुश म्हणजे फ्रेंचमध्ये मधमाश्यांचं पोळं. पट्टीच्या मधोमध टीप मारून दोन्ही कडा मोकळ्या सोडतात ती रुश. पेप्लम आलं ग्रीक पेप्लोसवरून, तो बायकांचा अंगाभोवती गुंडाळायचा पोशाख होता, आता फक्त कमरेखालची आखूड झालर उरली. फ्लाउन्स आधी फ्राउन्स होता, आणि तो जुन्या फ्रेंचमधल्या सुरकुत्या पाडण्याच्या शब्दावरून आला. म्हणजे आपली चुणीच की. गंमत अशी की आता फ्लाउन्सला वरती चुणीच नसते, गोल कापतात, पण नाव राहिलं.

रफ म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या चित्रांत मानेभोवती ताटासारखी गोल कॉलर दिसते ती. सोळाव्या शतकातली गोष्ट. ती उभी राहायची स्टार्चवर, आपल्या भाषेत खळीवर. १५६४ मध्ये फ्लँडर्सची, म्हणजे आताच्या बेल्जियमकडची, एक बाई लंडनला आली आणि तिने तिथल्या लोकांना पैसे घेऊन खळ करायला शिकवलं. मला ती बाई फार आवडते, शिवणक्लासवालीच म्हणायची ती! स्पेनमध्ये त्याच कॉलरला लेचुगिया म्हणायचे, म्हणजे छोटी लेट्युस, पालेभाजीच्या कुरळ्या पानासारखी दिसते म्हणून. पुढे तिचा खर्च आणि थाट इतका वाढला की १६२३ मध्ये स्पेनच्या राजाने, चौथ्या फिलिपने, बंदीच घातली.

आणि कॉलेजच्या फाइलमध्ये चुडीदारचा चुणीशी संबंध आहे असं लिहू नकोस, दोन मुलींनी मला तसं लिहिलेलं दाखवलंय. तो शब्द चुडीवरून आला, घोट्याशी बांगड्यांसारख्या वळ्या पडतात म्हणून.

प्र. फ्रिलला इस्त्री केली की ती चपटी होते.
– त्रिमूर्तीनगर

उ. वरून दाबता म्हणून. इस्त्रीचं टोक खालच्या कडेकडून चुण्यांच्या आत घुसवा आणि शिलाईपाशी थांबा, शिलाईवर चढवू नका. कापड जरा ओलसर असू द्या.

प्र. तान्ह्या पोळ्यासाठी मुलाच्या लाकडी बैलाला झूल करायची आहे. दुकानातली झूल त्याच्या बैलाला मोठी होते, पोटाखाली येते, बैल गाऊन घातल्यासारखा दिसतो. मला मशीन येत नाही, हातशिलाई येते. झालर लावता येईल का?
– एक बाबा, महाल

उ. बाबा लोकांचं पत्र या सदरात क्वचित येतं, म्हणून तुमचं शेवटी ठेवलं, नीट सांगते. आणि हातशिलाई येते म्हणजे सगळंच येतं.

पहिले बैलाचं माप घ्या, पाठीवरची लांबी आणि एका बाजूच्या पोटाच्या मध्यापासून पाठीवरून दुसऱ्या बाजूच्या मध्यापर्यंत. समजा लांबी ८ इंच आणि आडवं १४ इंच आलं, तर झालर १ इंचाची असणार म्हणून आडव्यातून दोन्हीकडचा एकेक इंच वजा करा, १२ राहिले. तेवढं मखमलीचं किंवा जुन्या ब्लाउजपीसचं कापड चारी बाजूंनी बारीक दुमडून घ्या, तुरपाई करा. आजीच्या पेटीत एखादा काठ असेल तर मधोमध पाठीवर लावा, एम्प्रेस मिलचं कापड सापडलं तर मला फोटो पाठवा. जमशेटजी टाटांची ती मिल आपल्या गावात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि आता तिच्या जागेवर लोक मॉल फिरतात, पण पेट्यांमध्ये ती अजून असते.

झालरीला कापड कापत बसू नका, १ इंच रुंदीची सॅटिनची रिबिन आणा. तिच्या दोन्ही कडा तयार असतात, दोरे निघत नाहीत, दुमडायचं काम नाही. लागेल किती? दोन बाजूंच्या कडा ८ आणि ८, शेपटीकडची १२, झाले २८ इंच. त्याच्या दुप्पट ५६, म्हणजे दीड मीटर. सुईत दुहेरी दोरा घ्या, एका कडेजवळून धावदोरा घालत जा, टाके पाव पाव इंचाचे, आणि दर हातभर झालं की दोरा ओढून चुण्या जमवा, सगळं शेवटी ओढायचं ठेवू नका. मग टाचण्या लावून झुलीच्या कडेला आतून हाताने टाका. रंग मुलाला विचारा. माझ्या भावाने लहानपणी काळ्या बैलाला गुलाबी झालर लावून घेतली होती, सगळे हसले पण बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची ओवाळणी, त्यालाच जास्त मिळाला.

झूल घसरू नये म्हणून पोटाखालून एक नाडी द्या, गाठ एका बाजूला. आणि झालर फक्त तीन बाजूंना लावा, मानेकडे नको, नाहीतर गळ्यातली घुंगरमाळ त्यात अडकते आणि बैल ओढताना वाजत नाही.